विलंबाचं कारण

पोलिसात मी जेवढी वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी एका टेबलामागे गेली. मी ठाणे अंमलदार होते. म्हणजे पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं की समोर जी बाई दिसते, "काय झालं, आधी बसा," म्हणते आणि तुमची तक्रार लिहून घेते, ती मी. कुठलं ठाणं ते सांगत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातलं एक, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि बाकीच्यांना ओळखून करायचंय काय?

या कामात मी वाकबगार होते. उगाच विनय दाखवत नाही, खरंच होते. सिंधी व्यापारी तणतणत आला की मी त्याच्याशी 'साईं' म्हणून हिंदीत सुरू करायची, दोन मिनिटांत तो खुर्चीत. गावातला आगरी म्हातारा जमिनीच्या बांधावरून भांडून आला की माझी माहेरची बोली कामाला यायची, "काय रं दादा, बस की, पानी पी," आणि म्हातारा निम्मा गार. एमआयडीसीतल्या कामगाराशी सरळ मराठी. ज्याला जी भाषा लागू पडते ती. माझ्या टेबलावरून कोणी शिव्या देत गेला नाही, ही माझी ख्याती होती. साहेब लोकही नव्या पोरींना सांगायचे, लिहून घेणं शिकायचं तर ताईंकडे शिका.

आता त्या ख्यातीतली मेख सांगते. माणूस शिव्या देत जात नव्हता, कारण त्याच्या हातात मी एक कागद द्यायची. मोबाइल, पाकीट, कागदपत्रं असं काही गेलं की गहाळ दाखला. वस्तू कुठेतरी हरवली, त्याची नोंद घेतली, बस. शिक्का मारलेला कागद मिळाला की नवं सिम मिळतं, माणूस खूश. पण हरवलेल्या वस्तूचा तपास कोण करतो? चोरी लिहिली असती तर गुन्हा दाखल झाला असता, गुन्ह्याला नंबर पडला असता, नंबराला तपास अधिकारी. आणि महिन्याच्या बैठकीत ज्या ठाण्याचा आकडा वाढला, त्याच्या साहेबाने सगळ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं. ते टाळायचं म्हणून हिसकावलेला मोबाइलसुद्धा आमच्याकडे 'गहाळ' व्हायचा. चोरी लिहू नका, असं मला कधी कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी नवी होते तेव्हा माझ्या आधीच्या अंमलदाराने असंच लिहिलेलं पाहिलं आणि मीही तसंच लिहायला लागले. साहेब बदलत गेले, ही रीत काही बदलली नाही.

तर एका दुपारी एक बाई आली. आनंदनगर एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या कंपनीत कामाला होती. पहिली पाळी सुटल्यावर सरळ आली होती, कपाळावर डोक्याच्या जाळीच्या टोपीचा वळ तसाच होता. वयाने माझ्याहून लहान, पस्तिशीची असेल. दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तळवे सोलवटलेले, त्यात बारीक खडी रुतलेली.

"कंपनीच्या मागच्या वळणावर," ती म्हणाली. "मोटारसायकलवर दोघं होते. मागच्याने मोबाइल हिसकावला. मी सोडला नाही, तर मला ओढत नेलं."

मी कपाटातून कापूस आणि डेटॉल काढला. तिला बाकावर बसवून तिचे तळवे पुसले, एकेक खडा काढला. तिने दात आवळून धरले. मग मी विचारलं, गाडीचा नंबर पाहिला का?

"नंबर नाही बघितला. पण मागच्याचं तोंड बघितलंय. डाव्या भुवईत कापल्याची खूण आहे. कुठंही ओळखीन."

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. "हे बघा बाई, चोरी लिहिली की तुम्हाला दहा वेळा इथे यावं लागेल. मग कोर्ट. कंपनी एवढ्या रजा देणार आहे का? त्यापेक्षा गहाळ लिहू. उद्या सिम चालू."

"पण हरवला नाही ना तो."

"कागदावर काय फरक पडतो?"

तिने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर लिहा." मी लिहिलं, 'रस्त्याने पायी जात असताना मोबाइल कुठेतरी पडून गहाळ झाला.' सोलवटलेल्या बोटांत पेन धरून तिने सही केली, आभार मानले आणि गेली. ज्या हाताने तिची जखम पुसली त्याच हाताने मी हे लिहिलं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी जाऊन मी व्यवस्थित जेवले. हे आज लिहिताना मला लाज वाटते.

त्याच सुमाराला आमच्याकडे नवे साहेब आले. ठाण्याचे प्रमुख. देशावरचे, किडकिडीत, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. मला 'ताई' म्हणायचे. त्यांची एक विचित्र सवय होती. रोज तासभर आपली केबिन सोडून बाहेर तक्रारदारांच्या बाकावर येऊन बसायचे. साध्या कपड्यात असले की लोकांना वाटायचं हाही कोणीतरी तक्रार घेऊन आलाय. एक आजोबा त्यांना म्हणाले होते, "तुमचा नंबर माझ्यानंतर हां." आम्ही आत हसायचो. नव्याचे नऊ दिवस, म्हणायचो.

नऊ दिवस झाले, तीन आठवडे झाले, आणि त्याच वळणावर त्याच कंपनीतल्या दुसऱ्या एका बाईचा मोबाइल गेला. ही वयाने मोठी होती, निवृत्तीला आलेली. ओढाताणीत पडली ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर. खुबा मोडला. जबाब घ्यायला मला इस्पितळात पाठवलं. तिने काहीच पाहिलं नव्हतं. मागून धक्का बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढंच तिला आठवत होतं. तिच्या खाटेशी कंपनीतली एक मैत्रीण बसली होती. ती मला म्हणाली, "मॅडम, आमच्यातल्या एकीचा तिथंच गेलेला ना मागे. हाताची सालं निघालेली तिच्या. तुमच्याकडंच तक्रार दिली तिने. त्याचं काय झालं?"

"तपास चालू आहे," मी म्हटलं. तोंडातून आपसूक निघून गेलं. तपास कसला चालू असणार होता?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गहाळची नोंदवही मागवली. पेन्सिल घेऊन एकेक पान पाहत बसले. दुपारी मला आत बोलावलं. वही उघडी होती आणि समासात जागोजाग बारीक खुणा होत्या. त्याच रस्त्याच्या नोंदी. बहुतेक माझ्या अक्षरातल्या.

"ताई, या रस्त्यावर फोन फार हरवतात," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, सगळेच असं लिहितात. मी काय माझ्या घरची पद्धत आणली नाही."

"माहीत आहे. फौजदार होतो तेव्हा मीही लिहिलंय." मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. हद्दीत कुठे काय गुन्हा घडला, त्या जागी लाल टाचण्या टोचलेल्या असायच्या आणि त्या पाहून गस्तीची गाडी कुठे फिरवायची ते ठरायचं. "या वळणावर एकही टाचणी नव्हती. म्हणून मी तिथे गाडी पाठवली नाही."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. मी बाहेर आले आणि दिवसभर त्यांच्यावर धुमसत राहिले. बळीचा बकरा करायला माझीच मान सापडली होय, असं मनात घोळत होतं. हा माणूस वर अहवाल पाठवणार, माझ्यावर खापर फोडणार आणि स्वतः स्वच्छ राहणार, याची मला खात्री होती. आजवर तसंच होताना पाहिलं होतं. संध्याकाळी बदलापुरात मांजर्लीला घरी गेले, भाजी चिरायला बसले आणि एकदम ती इस्पितळातली म्हातारी डोळ्यांपुढे आली. मग मात्र राग वळून माझ्यावरच आला. खुबा मोडलेली बाई या वयात पुन्हा धड चालणार नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आठवडाभरात उल्हासनगरचा एक मोबाइल दुरुस्तीवाला आला. सिंधी, साठीचा, गळ्यात चष्म्याची दोरी. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, दो लडके बेचने लाए थे. मैंने बोला, साईं, बिल दिखाओ. बिल का नाम सुनते ही फोन छोडके भागे. मेरे कॅमेरे में दोनों का मुंह है. मुझे ये लफडा नहीं चाहिए, आप रखो." फोनचा नंबर जुळवला. पॅकिंगवाल्या बाईचाच. कॅमेऱ्यात दोघं स्वच्छ दिसत होते, आणि एकाच्या डाव्या भुवईत कापल्याची खूण. दोन दिवसांत आमच्या पोरांनी दोघांना आणलं.

ठाण्यात पेढे वाटायचेच बाकी होते. पण त्या दोघांनी सांगितलं, "साहेब, फोन रस्त्यात पडलेला मिळाला. विकायला गेलो, चूक झाली." आणि आमच्याकडे त्यांना खोटं पाडायला काय होतं? बाईच्या सहीचा कागद होता, शिक्क्यासकट, आणि त्यावर मीच लिहिलं होतं की फोन पडून गहाळ झाला. आमचाच कागद चोरांच्या बाजूने बोलत होता. म्हातारीच्या प्रकरणात तर तिने कोणाला पाहिलंच नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त पॅकिंगवाल्या बाईवर. तिने येऊन खरी फिर्याद दिली आणि त्या पोराला ओळखलं, तर केस उभी राहणार. नाही आली, तर दोघं सुटणार आणि वळणावर परत जाणार.

मी तिच्या घरी गेले, अंबरनाथ पूर्वेला. लोखंडी जाळीचं दार होतं. तिने आतलं दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही.

"तुमचा मोबाइल मिळाला," मी म्हटलं.

"बरं."

"चोरही मिळालेत. तुम्हाला येऊन फिर्याद द्यायला लागेल."

"कसले चोर?" ती शांतपणे म्हणाली. "माझा तर हरवलाय ना? तुम्हीच लिहिलंय. हरवलेल्याला पोलीस कशाला आलेत?"

मी बोलायला लागले, माझी सगळी गोडी वापरली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या बाजूच्या टेबलावर काम करायच्या त्या मावशी. तुम्ही तेव्हा लिहिलं असतं तर पडल्या असत्या का त्या?" तिने दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी दारातून वाटेला लावली गेले होते.

घरी माझ्या सासूला सांगितलं. सासू आगरी, भातशेतीत आयुष्य गेलेलं, पोलिसांचं तिला भय नाही आणि सुनेचं कौतुकही नाही. म्हणाली, "चुकलीस तं चुकलीस. मंग घरांत बसून रडतेस कनाला? जा नी चार मानसांत सांग का माजी चूक हाय. आपुन चोरून सांगलं तं तिला कसं पटंल?"

साहेबांना मी सकाळी सांगितलं की बाई दार उघडत नाही. ते म्हणाले, "पाळी किती वाजता सुटते?"

आम्ही कंपनीच्या फाटकावर गेलो. भर दुपारी. ते गणवेशात होते, मी गणवेशात होते. मालकाने आत केबिनमध्ये बसायचा आग्रह केला, ते नको म्हणाले. भोंगा झाला आणि बायका बाहेर पडायला लागल्या. दोन गणवेश पाहून थांबल्या, गोल करून उभ्या राहिल्या. ती मागे होती, हात बांधून.

साहेबांनी भाषण केलं नाही. त्यांना ते येतही नसे. ते म्हणाले, "तुमच्यातल्या एका ताईला या वळणावर लुटलं. त्या त्याच दिवशी आमच्याकडे आल्या. आम्ही गुन्हा लिहिला नाही, हरवल्याचा कागद दिला. गुन्हा लिहिला असता तर मी इथे गस्त लावली असती आणि दुसऱ्या मावशी कदाचित आज कामावर असत्या. लिहिणारा हात कोणाचाही असो, ठाणं माझं आहे. चूक माझी आहे. मी माफी मागायला आलोय."

कोणीतरी मागून म्हणालं, "माफी मागून खुबा जोडला जातो काय?"

"नाही जोडला जात," साहेब म्हणाले. आणि तसेच उभे राहिले.

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. बोटही दाखवलं नव्हतं. कानावर हात ठेवायची अशी सोय मला नोकरीत पुन्हा मिळाली नसती. पण माझा स्वभाव तापट असला तरी भित्रा नाही. मी एक पाऊल पुढे झाले आणि म्हटलं, "लिहिणारा हात माझा होता. त्यांच्या हातातून खडी काढली मी, आणि तरी लिहिलं की फोन पडला. मी खोटं लिहिलं." बायकांपैकी एक जण "अगं बाई" म्हणाली. पॅकिंगवाली बाई रिक्षात बसून निघून गेली. मला वाटलं, गेली केस.

दुसऱ्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. अकरा वाजता ती ठाण्यात आली. माझ्याकडे न पाहता थेट साहेबांसमोर उभी राहिली. "मी फिर्याद देते. पण दोन गोष्टी. मी त्याच दिवशी आले होते, हे त्यात लिहायचं. आणि लिहायचं ते ह्यांनीच." तिने माझ्याकडे बोट केलं.

आमचे फौजदार चुळबुळले. साहेब म्हणाले, "ठीक आहे. सही माझी राहील."

मी संगणकासमोर बसले. नाव, पत्ता, घटना, सगळं तिने सांगितलं तसं उतरवलं. 'जबरी चोरी' हे शब्द टाइप केले. मग एक रकाना येतो. तक्रार द्यायला उशीर झाला असेल तर त्याचं कारण. फार कोणाला माहीत नसलेला हा रकाना आमच्या धंद्यात फार महत्त्वाचा. कोर्टात आरोपीचा वकील पहिला घाव तिथेच घालतो, की बाई, एवढे दिवस कुठे होता? म्हणून त्यासाठी आमची ठरलेली वाक्यं असतात. 'घरगुती अडचणीमुळे.' 'आजारी असल्याने.' 'घरच्यांशी विचारविनिमय करून.' उशीर नेहमी तक्रारदाराचाच असतो. पोलिसांमुळे उशीर झाला, असं त्या रकान्यात लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फौजदार माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आजारी होती म्हणून टाका. हाताला लागलंच होतं की. केसला बळकटी येईल." त्यांचं चुकीचं नव्हतं, शंभर वेळा आम्ही तसं केलं होतं. माझी बोटं सवयीने 'आ' टाइप करून थांबली. बाई पडद्याकडे पाहत होती.

"खरं कारण लिहा, ताई," साहेब म्हणाले.

"साहेब, वकील ठाण्याची अब्रू काढेल," मी म्हटलं.

"काढू दे. उत्तर द्यायला मी आहे."

मी 'आ' पुसला. लिहिलं, 'तक्रारदार घटनेच्या दिवशीच पोलीस ठाण्यात आल्या होत्या व त्यांनी घडलेला प्रकार सांगितला होता. ठाणे अंमलदार यांनी गुन्हा दाखल न करता गहाळ दाखला दिला.' आणि कंसात माझा बक्कल नंबर. तो नंबर मी आयुष्यभर अभिमानाने छातीवर लावला, तेव्हा तो टाइप करताना दोनदा चुकला. मग मी पूर्ण फिर्याद मोठ्याने वाचून दाखवली. त्या वाक्यावर आल्यावर ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिने सही केली.

त्याच दिवशी दोन अहवाल वर गेले. आमच्यात त्याला कसुरी म्हणतात, कामात कसूर केल्याचा अहवाल. एक माझा, एक साहेबांनी स्वतःवर लिहिलेला. एकाच पाकिटात, त्यांचा वर. मी म्हटलं, साहेब, तुम्ही तर नुकतेच आलात. ते म्हणाले, "तीन आठवडे झाले होते, ताई. वही पहिल्या दिवशी बघायला हवी होती." दोघांनाही ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि असू दे.

तुरुंगातल्या ओळख परेडमध्ये एका रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून तिने भुवईवाल्याला सरळ बोट लावून ओळखलं. इकडे गहाळच्या वहीतल्या बाकीच्या लोकांना फोन करून बोलवायचं काम साहेबांनी मलाच लावलं. खरे हरवलेले वेगळे, हिसकावलेले वेगळे. एकेकाला मी सांगत होते, "चूक आमची होती, या, गुन्हा लिहून घेते." काही आले, काहींनी फोन आपटला. एका माणसाने मला अर्धा तास झाडलं आणि मी मुकाट ऐकून घेतलं. नकाशावर टाचण्याच टाचण्या झाल्या. महिन्याच्या बैठकीत साहेबांना भरपूर ऐकावं लागलं, हे त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं. परत आल्यावर त्यांनी फक्त कोरा चहा मागवला आणि त्या वळणावर गाडी वेळेवर जाते ना, एवढं विचारलं. साहेब असावा तर असा, हे मला तेव्हा पटलं, आणि ते मी कोणासमोरही छाती पुढे काढून सांगेन.

केस उभी राहायला दोन वर्षं गेली. तोवर साहेबांची बदली झाली होती. पण साक्षीच्या दिवशी ते आले. आधी बाईची साक्ष होती. पुढच्या साक्षीदाराला आत थांबू देत नाहीत, म्हणून मी बाहेर बाकावर. तिथलं मला कोर्ट ड्युटीवरच्या शिपायाने सांगितलं. आरोपीच्या वकिलाने गहाळ दाखला तिच्यापुढे नाचवला. ही सही तुमची ना? मग आता पोलिसांनी शिकवलं म्हणून चोरी म्हणताय? ती म्हणाली, "पोलिसांनी शिकवलेलं मी एकदाच ऐकलं. तेच त्या कागदावर आहे. आज माझं सांगते."

मग मला पुकारलं. वकील हुशार होता. त्याने मला तो रकाना मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला.

"म्हणजे तुम्ही गणवेशात, सरकारी कागदावर, खोटं लिहिलंत?"

"हो."

"आणि आज खरं बोलताय, हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

याची तयारी मी केली नव्हती. सरकारी वकिलांनीही करून घेतली नव्हती. पण उत्तर अगदी समोर होतं. मी म्हटलं, "तेव्हा खोटं लिहिण्यात माझी सोय होती. आज खरं बोलण्यात माझं नुकसान आहे. नुकसान करून घ्यायला कोण खोटं बोलेल?"

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. पुढे त्या दोघांना शिक्षा लागली.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा दुपार टळली होती. तिची साक्ष केव्हाच संपली होती, तरी ती व्हरांड्यात थांबली होती. आम्ही दोन वर्षांत कामापुरतंच बोललो होतो. तिने मला कधी हाक मारली नव्हती, मीही कधी सलगी दाखवली नव्हती. ती जवळ आली, पदर सारखा केला.

"ताई, आमच्या चाळीत एक पोरगी आहे. कॉलेजला जाते. तिच्या मागे एक जण लागलाय, रस्त्यात अडवतो. आईबाप म्हणतात पोलिसात नको जायला, आपलीच बदनामी. मी तिला म्हटलं, मी घेऊन जाते. उद्या आहात ना तुम्ही टेबलावर?"

उद्या माझी रजा होती. मांजर्लीला घरात पाहुणे यायचे होते, सासूने मासळी सांगून ठेवली होती.

"नऊ वाजता या," मी म्हटलं. "मी आहे."